घोडेस्वार सोडा, सोनार बघा: पॉल रिव्हिअरचा धंदा आणि त्याचं घर



मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय. "मॅडम, एक धंदा धरून बसायचं की दोन-तीन एकदम करायचे?" कोणी विचारतं, शिलाईचं दुकान आहे, सोबत मोबाईल ॲक्सेसरीज ठेवू का? कोणी म्हणतं, घरगुती मसाले करतो, आता भाऊ म्हणतोय इव्हेंट मॅनेजमेंट करू. दहा मिनिटांच्या व्हिडिओत याचं उत्तर बसत नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. धंदे किती करावेत हा प्रश्नच मुळात कामाचा नाही. तुमचा नवा धंदा जुन्याच्या किती जवळ राहतो, हा खरा प्रश्न. आणि दुसरा प्रश्न, जो कोणीच विचारत नाही: तो उभा करताना घरातल्या कोणाच्या खांद्यावर बोजा पडणार आहे?

हे समजवायला मी तुम्हाला अडीचशे वर्षांमागे, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एका सोनाराच्या दुकानात नेणार आहे. एवढ्या लांब कशाला? एक तर मी स्वतः भांड्यांचं दुकान चालवते, धातूच्या कारागिरांबद्दल वाचायची मला खोडच आहे. आणि दुसरं म्हणजे या माणसाच्या हिशोबाच्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. ज्याच्या वह्या शिल्लक आहेत त्याच्याकडून शिकता येतं. बाकीच्यांच्या नुसत्या गोष्टी असतात.

माणसाचं नाव पॉल रिव्हिअर. अमेरिकेत शाळेतल्या पोरालाही हे नाव माहीत असतं, पण घोडेस्वार म्हणून. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री ब्रिटिश फौज निघाली, तेव्हा घोड्यावर बसून गावोगाव इशारा द्यायला गेलेला तो माणूस. लाँगफेलो या कवीने १८६० मध्ये त्याच्यावर कविता लिहिली आणि रिव्हिअर कायमचा घोड्यावरच बसला. त्या रात्री तो एकटा नव्हता, विल्यम डॉज होता, सॅम्युअल प्रेस्कॉट होता, आणि रिव्हिअर तर वाटेत पकडलाही गेला. पण ते जाऊ द्या. एका रात्रीची गोष्ट ती. उरलेली साठेक वर्षं हा माणूस काय करत होता, ते बघू.

सुरुवात त्याच्या वडिलांपासून करावी लागेल.

वडिलांचं मूळ नाव अपोलोस रिव्हवार. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंट कुटुंबातला मुलगा. तिथे त्यांच्या पंथाला जगणं अवघड झालेलं, म्हणून तेरा वर्षांच्या आसपासचा असताना समुद्र ओलांडून बॉस्टनला आला आणि जॉन कोनी नावाच्या नामांकित चांदी कारागिराकडे शिकाऊ म्हणून राहिला. शिकाऊ म्हणजे करार. इतकी वर्षं मालकाकडे काम करायचं, बदल्यात जेवण, निवारा आणि हुन्नर. १७२२ मध्ये कोनी वारला. त्याच्या मालमत्तेची यादी झाली, आणि त्या यादीत भांडी आणि अवजारांबरोबर या पोराची करारातली उरलेली वर्षंही किंमत लावून लिहिली गेली! पोराने पैसे भरून स्वतःची ती वर्षं सोडवून घेतली. पुढे नाव बदललं, कारण तिथल्या लोकांना फ्रेंच नाव उच्चारता येईना. गिऱ्हाईकाच्या तोंडात बसेल असं नाव ठेवलं: पॉल रिव्हिअर. ब्रँडिंग म्हणाल तर हे ब्रँडिंग, लोगोचं सॉफ्टवेअर निघायच्या कितीतरी आधीचं.

१७२९ मध्ये त्याने डेबोरा हिचबॉर्नशी लग्न केलं. हिचबॉर्न हे बॉस्टनच्या बंदरावरचं घराणं, स्वतःचा धक्का असलेलं. त्यांचा मुलगा म्हणजे आपला पॉल, थोरला. वडिलांच्याच दुकानात ठोकायला, ओतायला, कोरायला शिकला.

१७५४ मध्ये वडील गेले. पॉल १९ वर्षांचा. कायद्याने स्वतःच्या नावावर दुकान चालवायचंही वय नव्हतं. घरात विधवा आई आणि भावंडं. खूप वर्षांनी परदेशातल्या एका नातेवाइकाला लिहिताना त्याने सांगितलंय की वडिलांनी इस्टेट काही ठेवली नाही, ठेवलं ते चांगलं नाव आणि सात मुलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या क्लासमधली किमान चार पोरं डोळ्यांसमोर आली. वडील गेल्यावर गल्ल्यावर बसलेली, उधारी वसूल करायला गेली की लोकांनी "अरे, तू अजून लहान आहेस" म्हणून परत पाठवलेली.

१७५६ मध्ये तो काही महिने सैन्यात जाऊन आला. परत आल्यावर दुकान हातात घेतलं आणि १७५७ मध्ये सारा ऑर्नशी लग्न केलं. वह्यांमध्ये तो काय काय बनवतोय ते दिसतं. चांदीचे चमचे, बुटांची आणि कपड्यांची बकलं, चहादाण्या, मोठे कप. एका गिऱ्हाईकाच्या पाळीव खारीसाठी चांदीची साखळीसुद्धा! १७७२ मधली नोंद आहे ती. बघा, "असलं फालतू काम आम्ही करत नाही" असं तो म्हणाला नाही. साखळी केली, रक्कम वहीत लिहिली, पुढचं काम घेतलं.

गिऱ्हाईकं कुठून आली? आईच्या माहेरची मंडळी, आणि १७६० मध्ये तो ज्या फ्रीमेसन मंडळात सामील झाला तिथले लोक. डॉक्टर, व्यापारी, जहाजांचे कप्तान. आजचे लोक याला नेटवर्किंग म्हणतात आणि त्यासाठी हॉटेलात पैसे भरून नाश्त्याला जातात. मी त्याच्या विरोधात नाही, पण एक फरक लक्षात घ्या. रिव्हिअर त्या मंडळात कार्ड वाटायला जात नव्हता, वर्षानुवर्षं तिथे काम करत होता. पुढे तो राज्याच्या मंडळाचा प्रमुखही झाला.

आता मुद्द्यावर येते.

१७६५ च्या आसपास बॉस्टनचा बाजार बसला. युद्ध संपल्यानंतरची मंदी, त्यात इंग्रज सरकारचा नवा स्टॅम्प कर. मंदीत चांदीची चहादाणी कोण घेणार? रिव्हिअरची अवस्था इतकी वाईट झाली की कर्जापायी त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणायचा प्रयत्न झाला. लक्षात घ्या, हा आळशी किंवा अडाणी माणूस नव्हता. शहरातल्या उत्तम कारागिरांपैकी एक होता. तरीही जप्ती दारात आली. हुन्नर चांगला असला की धंदा बुडत नाही, असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर माझा विश्वास नाही, तो यामुळेच.

मग त्याने केलं काय? चांदीच्या भांड्यावर नक्षी आणि नाव कोरायला जे अवजार लागतं, तेच घेऊन तो तांब्याच्या पत्र्यावर छपाईची चित्रं कोरू लागला. व्यापाऱ्यांची जाहिरात कार्डं, पुस्तकात चिकटवायची नावाची चिठ्ठी, राजकीय व्यंगचित्रं. चांदीला गिऱ्हाईक नव्हतं, पण छापील कागदाला होतं. दुसरं, त्याने एका दंतवैद्याकडून दातांचं काम शिकून घेतलं. खोटे दात तारेने बसवायचे, दात साफ करायचे. वर्तमानपत्रात जाहिरातही दिली. सोनाराला बारीक तार वळवायला काय अडचण? १७७५ मध्ये बंकर हिलच्या लढाईत त्याचा मित्र डॉ. जोसेफ वॉरन मारला गेला, आणि पुढच्या वर्षी प्रेत उकरलं तेव्हा ओळख पटली ती रिव्हिअरनेच बसवलेल्या दाताच्या तारेवरून. अंगावर काटा येतो ना? मला येतो.

तर, दात आणि चित्रं. वरवर बघितलं तर दोन भलतेच धंदे. पण हात तोच, अवजारं तीच, गिऱ्हाईकही बरंचसं तेच. याला मी शेजारचं दार म्हणते. शिलाईवाल्या ताईने शाळेचे युनिफॉर्म, पडदे, पिकोफॉल करणं म्हणजे शेजारचं दार. मोबाईलची कव्हरं विकणं म्हणजे दुसऱ्या गावचं दार. तिथे माल कुठून येतो, कधी जुना होतो, मार्जिन किती, काहीच आपल्या हाताला माहीत नसतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी भक्त वाटेन. १७७० मध्ये बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळीबार केला. त्या घटनेचं रिव्हिअरचं छापील चित्र प्रचंड खपलं, आजही पुस्तकांत असतं. पण मूळ रेखाटन हेन्री पेलहॅम या दुसऱ्या कलाकाराचं होतं. रिव्हिअरने ते वापरून आपलं चित्र आधी बाजारात आणलं. पेलहॅमने संतापून त्याला पत्र लिहिलं. काही जण म्हणतात तेव्हा नक्कल करायची पद्धतच होती. असेल. पण ज्याचं चित्र होतं त्याला राग आला, एवढं मला पुरेसं आहे. दुसऱ्याचं डिझाईन उचलून आधी दुकानात लावणं याला मी स्मार्टनेस म्हणत नाही, आणि ते देशासाठी होतं म्हणून सूटही देत नाही.

आता घराकडे येऊ. धंद्याच्या गोष्टी सांगताना हाच भाग सगळे गाळतात.

सारा आणि पॉलला आठ मुलं झाली. १७७० मध्ये त्यांनी नॉर्थ स्क्वेअरमधलं घर घेतलं, जे आजही उभं आहे, म्युझियम म्हणून. मे १७७३ मध्ये सारा गेली. घरात लहान लेकरं, दुकान चालू, राजकारण तापलेलं. त्याच वर्षी काही महिन्यांत त्याने रेचल वॉकरशी लग्न केलं. तिलाही पुढे आठ मुलं झाली. एकूण सोळा. त्यातली काही लहानपणीच गेली. त्या काळात तसं व्हायचं असं आपण सहज म्हणून जातो, पण आईसाठी काळ कुठलाही असो.

एप्रिल १७७५ च्या त्या प्रसिद्ध रात्रीनंतर रिव्हिअर बॉस्टनला परत येऊ शकत नव्हता. शहर ब्रिटिशांच्या ताब्यात, आला असता तर अटक. मग शहरात कोण राहिलं? रेचल, तान्हं बाळ, सवतीची मुलं आणि सासू. रेचलने जमवाजमव करून नवऱ्याला १२५ पौंड पाठवले, सोबत काळजी घ्या म्हणून चिठ्ठी. नेणारा होता डॉ. बेंजामिन चर्च, त्यांच्याच गटातला विश्वासू माणूस. पण तो ब्रिटिशांचा हेर निघाला! ती चिठ्ठी नंतर ब्रिटिश सेनापती गेजच्या कागदपत्रांत सापडली. नवऱ्याच्या हातात ती गेलीच नाही.

आणि दुकान? बाकी घर बाहेर पडलं तेव्हा थोरला मुलगा, पॉलच नाव त्याचं, पंधरा वर्षांचा, दुकान आणि सामान राखायला मागे थांबला. वेढा पडलेल्या शहरात. बापाने त्याला पत्रातून सांगितलं होतं की आता तू घराच्या उपयोगी पडू शकतोस. स्वतः रिव्हिअर १९ व्या वर्षी उभा राहिला, आणि मुलाला १५ व्या वर्षी उभं केलं.

मला हे वाचून नुसतं कौतुक वाटत नाही, प्रश्न पडतो. घोडेस्वाराचा पुतळा झाला, कविता झाली. १२५ पौंड कुठून कसे जमवले असतील ते रेचलला कोणी विचारलं? आपल्याकडेही दुकानाच्या पाटीवर "अँड सन्स" असतं, पण सकाळी सहाला डबे भरणारी, दुपारी गल्ला सांभाळणारी, पाहुण्यांसमोर मात्र "ती घरीच असते" म्हणून ओळख करून दिलेली बाई पाटीवर नसते. क्लासला येणाऱ्या प्रत्येकाला मी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक जादा रकाना भरायला लावते: घरातलं कोण किती तास देणार आणि त्याचा पगार किती धरला. बरेच जण हसतात. रकाना भरल्यावर अर्ध्या लोकांचा नफा गायब होतो, मग हसणं थांबतं.

युद्ध संपल्यावर, १७८३ मध्ये, रिव्हिअर जवळपास पन्नाशीचा होता आणि त्याच्यासमोर पुन्हा तोच प्रश्न: आता काय? त्याने इंग्लंडहून माल मागवून दुकान थाटलं. तयार माल आणा, मार्जिन लावा, विका. मोठा व्यापारी, सद्गृहस्थ व्हायची हौस होती त्याला. सरकारी पद मिळावं म्हणून ओळखीच्या माणसांकरवी प्रयत्नही केले. पद मिळालं नाही, आणि आयात मालाचं दुकान हळूहळू बाजूला पडलं. त्याच्या सगळ्या धंद्यांत हा एकच असा, ज्यात त्याच्या हाताला काम नव्हतं.

बाकी सगळं एकाला एक लागून आहे. १७८५ मध्ये चांदीच्या दुकानात त्याने पत्रा लाटायचं यंत्र घेतलं. आधी चांदीची लगड हातोड्याने ठोकून ठोकून पत्रा करावा लागे, आता दोन रुळांमधून काढला की झालं. चहादाण्या भराभर होऊ लागल्या. १७८८ मध्ये लोखंडाची ओतशाळा. भट्टी आणि साचा त्याला नवीन नव्हते, फक्त आकार मोठा. ओतकाम जमल्यावर १७९२ मध्ये चर्चची घंटा. घंटा म्हणजे तांबं आणि कथील. पहिल्या घंटेचा आवाज कर्कश होता, ऐकणाऱ्यांनी तसं स्पष्ट लिहून ठेवलंय. तरी ती लागली, आणि पुढे या कुटुंबाने शेकडो घंटा ओतल्या. मग जहाजांसाठी तांब्याचे बोल्ट आणि खिळे. १७९७ मध्ये पाण्यात उतरलेल्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेला त्याने ते पुरवले.

आणि मग मोठी उडी. लाकडी जहाजाच्या तळाला किडे लागू नयेत म्हणून तांब्याचा पत्रा मारतात, आणि तो पत्रा इंग्लंडहून यायचा. रिव्हिअरने ठरवलं, मी इथेच लाटणार. वय ६५ च्या पुढे. बॉस्टनजवळ कँटन इथे गिरणी उभी केली. स्वतःचे २५ हजार डॉलर घातले, सरकारकडून १० हजार डॉलर कर्ज घेतलं. त्या वेळच्या पत्रात तो म्हणतो की जमवता येईल तो पैसा न् पैसा यात जाणार आहे.

"बघा मॅडम, त्यानेही सगळं पणाला लावलं!" असं आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणार, मला माहितीये. हो, लावलं. पण कधी? तांबं वळवायची रीत हातात बसल्यावर. चांदीवर लाटण्याचं यंत्र वर्षानुवर्षं चालवल्यावर. नौदल हे गिऱ्हाईक आधीच्या बोल्टमुळे ओळखीचं झाल्यावर. आणि कर्ज देणारा तोच, ज्याला माल हवा होता. बावीस वर्षांचा मुलगा यूट्यूबवर कोणाचं तरी भाषण ऐकून आईचे दागिने गहाण टाकतो आणि ज्यूस सेंटर काढतो, त्याची तुलना याच्याशी करू नका. रागावू नका, पण दर बॅचला असा एकजण येतोच, आणि बहुतेक वेळा दागिने गेल्यावर येतो.

गिरणी चालली. १८०२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधानभवनाच्या घुमटावर रिव्हिअरचं तांबं चढलं, १८०३ मध्ये 'कॉन्स्टिट्यूशन'च्या तळाला.

वारशाचं काय? रेचलचा मुलगा जोसेफ वॉरन रिव्हिअर, १७७७ चा जन्म. नाव कोणावरून ठेवलं ते ओळखलंच असेल. १८०४ मध्ये, गिरणी चालू असताना, बापाने त्याला युरोपला पाठवलं, तिथले तांब्याचे कारखाने बघून ये म्हणून. नुसतं "माझ्यासारखं कर" म्हणून गल्ल्यावर बसवलं नाही, आपल्याला जे येत नाही ते शिकायला धाडलं. आणि १८११ मध्ये स्वतः बाजूला झाला, हातपाय चालत असताना. १० मे १८१८ ला वारला तोवर कारखाना मुलाच्या हातात मुरलेला होता. रेचल त्याच्या आधी, १८१३ मध्ये गेली. दुकान राखायला मागे थांबलेला तो पंधरा वर्षांचा पॉलही त्याच वर्षी.

ती कंपनी पुढे विलीन होत, बदलत राहिली. १९३९ मध्ये तिने स्टीलची, तांब्याच्या बुडाची भांडी काढली, 'रिव्हिअर वेअर' नावाने, आणि अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत ती पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. तांब्याच्या बुडाची पातेली माझ्याही दुकानात आहेत, वेगळ्या कंपन्यांची. तांबं उष्णता पटकन पसरवतं, स्टील आंबट पदार्थांनी खराब होत नाही. गिऱ्हाईकाला एवढं सांगितलं की पुरतं.

पुढच्या बुधवारी व्हिडिओ कच्च्या वहीवर आहे. रिव्हिअर आपल्या वहीला 'वेस्ट बुक' म्हणायचा, म्हणजे आपली कच्ची वहीच: दिवसभरात जे घडेल ते तसंच्या तसं उतरवायचं, पक्का हिशोब नंतर. खारीची साखळी आपल्याला कळली ती त्यामुळेच. येताना तुमची या महिन्याची वही समोर घेऊन बसा, आणि तो घरच्यांच्या तासांचा रकाना भरलेला असू द्या. रिकामा असेल तर भरायला मीच बसवणार आहे.